पावसाळ्यात म्हशीच्या दुधाला साय कमी का धरते? पाणी घालतात का?

टिळकवाडीची सून

नमस्कार. आम्ही बेळगावात टिळकवाडीला राहतो. खानापूर तालुक्यातून एक गवळी रोज सकाळी म्हशीचं दूध घालतो, लिटरला ८० रुपये. दिवाळीच्या सुमाराला त्या दुधावर इतकी जाड साय यायची की सासूबाई दर आठवड्याला लोणी काढायच्या. आता आषाढ निम्मा सरला आणि साय अगदी पातळ झालीय. दही लागतं, पण पूर्वीसारखं घट्ट नाही. सासूबाई सरळ म्हणतात, पाणी घालतो. मला तसं म्हणवत नाही, माणूस प्रामाणिक वाटतो. पण पिशवीचं दूध बारा महिने एकसारखं असतं, मग याचंच का बदलतं?

दुसरी गोष्ट मुलीची. ती आठवीत आहे. गाई-म्हशींच्या मिथेनमुळे पृथ्वी तापते आणि चरायला सोडलेली जनावरं जंगल संपवतात, असं तिनं कुठंतरी वाचलंय. परवापासून दूध घेत नाही. तिला रागावायचं नाहीये, पण काय सांगायचं तेही कळत नाही. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांनी खरं काय ते सांगावं. कुणाच्या दुधाची जाहिरात नको.

शहापूर, बेळगाव

वहिनी, दुकानात लॅक्टोमीटर मिळतो, दूध जड की हलकं ते दाखवणारी काचेची नळी, तो आणा. पाणी घातलेल्या दुधात तो जास्त बुडतो. मात्र साय काढून मग पाणी घातलं तर आकडा बरोबर दिसू शकतो, कारण साय काढली की दूध जड होतं आणि पाणी घातलं की हलकं. म्हणून फॅटही बघावं लागतं. कुठल्याही दूध सोसायटीत ओळख काढून एकदा नमुना लावून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

जांबोटीकडची गोठेवाली

टिळकवाडीच्या ताई, तुमचा गवळी पाणी घालतो की नाही ते मी इथं बसून सांगू शकत नाही. पण आषाढात साय पातळ झाली एवढ्यावरून त्याला चोर ठरवू नका. मी स्वतःच्या हातानं धार काढते, त्या दुधाची सायसुद्धा आता पातळच आहे.

आमच्या गोठ्यात सात म्हशी आहेत. दोन पंढरपुरी, लांब शिंगांच्या, बाकीच्या गावठी. हिवाळ्या-उन्हाळ्यात त्या खातात भाताचं पिंजर, कापून ठेवलेलं डोंगरी गवत आणि वर सरकी पेंड, मक्याचा भरडा. मिरगाचा पाऊस पडला की चित्र बदलतं. बांधावर, शिवारात कोवळं गवत येतं आणि म्हस सुक्या वैरणीला तोंड लावत नाही. ते गवत म्हणजे तिची पेज. पोट भरतं, दूधही वाढतं, पण त्यात पाणी फार आणि चोथा थोडा. दुधातली साय चोथ्यातून येते. म्हस रवंथ करून तो चोथा कुजवते, तेव्हा साय तयार होते. चोथा कमी पडला की फॅट उतरतं. मी संध्याकाळी जबरदस्तीनं चार पेंढ्या पिंजर टाकते, त्यानं थोडं सावरतं, पण दिवाळीसारखं होत नाही. दिवाळीपर्यंत गवत जून होतं, त्याला बी धरतं, कुरणातलं कापलेलं गवत गोठ्यात येतं. तेव्हा साय परत जाड होणार.

आणखी एक कारण आहे. आमच्या दोघी ज्येष्ठात व्याल्या. ताज्या व्यालेल्या म्हशीचं दूध भरपूर पण पातळ, आटत आलेल्या म्हशीचं थोडं पण दाट. तुमच्या गवळ्याला एवढंच विचारा, कितव्या महिन्यातल्या म्हशीचं दूध घालताय आणि सध्या वैरण काय आहे? गोठा ज्याचा आहे तो न अडखळता सांगेल. दूध दुसरीकडून गोळा करून विकणाऱ्याला ते सांगता येणार नाही. मला लॅक्टोमीटरपेक्षा या प्रश्नाचा भरवसा जास्त वाटतो.

पिशवीचं दूध सारखं असतं कारण ते सारखं केलेलं असतं. टोन्ड म्हणजे ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधात उरतं ते), फुल क्रीम म्हणजे ६ आणि ९. कुठं साय काढून घ्यायची, कुठं दूध पावडर मिसळायची, की आकडा जुळला. त्यात फसवणूक नाही, पिशवीवर छापलेलं असतं आणि कायद्यानं चालतं. शहराला रोज एवढं दूध पुरवायचं तर त्यांना ते करावंच लागतं. पण हजारो गोठ्यांचं दूध एकत्र करून नेमलेल्या आकड्यावर आणायचं आणि एका गोठ्यातल्या म्हशीनं काल काय खाल्लं ते दुधात दिसायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीकडून पहिलीची अपेक्षा ठेवली की गवळ्याला दोनच वाटा राहतात. एक, पावसाळ्यातही म्हशीला गोठ्यात बांधून विकतची पेंड घालत राहायचं. दुसरी वाट म्हणजे खोटं बोलायचं.

आता तुमच्या मुलीचं. तिचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, तिला दामटू नका. मिथेनची गोष्ट खरी आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात चारा कुजताना तो वायू तयार होतो आणि बहुतेक सगळा ढेकरेतून बाहेर पडतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाई-बैल १९ कोटींच्या वर आणि म्हशी जवळजवळ ११ कोटी होत्या, म्हणजे हा वायू थोडा नाही. तो हवेत साधारण १२ वर्षं राहतो. कोळसा-पेट्रोलच्या धुराचा बराच भाग शेकडो वर्षं राहतो, पण मिथेन आहे तोवर उष्णता कितीतरी जास्त धरून ठेवतो. हे सगळं तिला सांगा.

त्याबरोबर हेही सांगा की आमची म्हस जे खाते त्यातलं पुष्कळसं माणसाच्या पोटात जाणारं नाही. पिंजर, भाताचा कोंडा, सरकीतलं तेल काढल्यावर उरलेली पेंड, डोंगरावरचं गवत. हे पिंजर शेतात जाळलं तर धूर होतो, म्हशीनं खाल्लं तर दूध आणि शेण मिळतं. शेण आमच्या गोबर गॅसमध्ये जातं, घरातली चूल त्यावर चालते, आणि टाकीतून बाहेर येणारी स्लरी भाताच्या वाफ्यात. युरियाची पोती आम्ही निम्म्यावर आणलीत. वायू कमी करायचा तर उपाय गोठ्यातच आहे. नुसत्या वाळल्या काडीवर ठेवलेली, दोन-दोन वर्षं गाभ न जाणारी म्हस लिटरमागे जास्त मिथेन सोडते. चांगली वैरण आणि वेळेवर वेत मिळालेली कमी सोडते. म्हणजे जनावर नीट सांभाळणं आणि हवा सांभाळणं, इथं दोन्ही एकच काम आहे.

जंगलाचं मात्र मी गोड बोलणार नाही. जनावरं जंगल संपवू शकतात. आमच्या पश्चिमेला कणकुंबीचा डोंगर, तिथं मलप्रभा उगम पावते. २०११ साली भीमगड अभयारण्य झालं. त्या पट्ट्यात धनगर गवळ्यांचे वाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एकाच उतारावर बारा महिने म्हशी सोडल्या की गवताला बी धरत नाही, माती उघडी पडते, आणि आमच्याकडचा पाऊस अशा मातीला एका हंगामात ओढ्यात नेतो. मोकळ्या झालेल्या जागी रानमोडी आणि घाणेरी ही तणं माजतात. रानमोडीला जनावर तोंड लावत नाही. घाणेरी खाल्ली तर यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलून निघते. म्हणजे कुरण गेलं की म्हस पण गेली.

म्हणूनच आमच्याकडं कुरण राखायची रीत होती. मिरगापासून दसऱ्यापर्यंत डोंगराच्या ठरलेल्या भागात एकही जनावर शिरायचं नाही. पवना आणि मारवेल गवत गुडघ्याच्या वर वाढू द्यायचं, त्याचं बी जमिनीत पडू द्यायचं, मग विळा लावायचा. मध्ये ही रीत मोडली होती, कारण ज्याची जनावरं आधी शिरली त्याचा फायदा. आता आमच्या वाडीतली पाच घरं ती परत पाळतात. उन्हाळ्याच्या तोंडाला कुरणाभोवती गवत काढून जाळरेषा करतो, नाहीतर एक वणवा वर्षाची वैरण आणि करवंदीच्या जाळ्या सगळं खाऊन टाकतो. ‘जाळलं की गवत चांगलं फुटतं’ असं अजून पुष्कळजण म्हणतात. पहिले आठ दिवस हिरवं दिसतं खरं. पण दरवर्षी जाळलेल्या उतारावर काही वर्षांनी कुसळीच उरते, आणि तिची कुसळं म्हशीच्या तोंडात रुततात.

पाण्याचंही तेच. म्हशीला घाम फार कमी येतो, तिला डुंबायला लागतंच. पण ओढ्यात डुंबवलं की शेण-मूत सगळं खाली मलप्रभेला जातं, आणि तेच पाणी पुढं सौंदत्तीच्या धरणात साठून हुबळी-धारवाडच्या नळाला येतं. आम्ही ओढ्यापासून लांब एक डबकं खोदलंय आणि गोठ्याचं पाणी परड्यात नारळीकडं वळवलंय. त्यासाठी मजुरी लागली, जागा गेली. तुमच्या ८० रुपयांत हे पण आहे ताई.

रायबागचा ऊसवाला

जांबोटीच्या ताईंचं पटलं, पण सगळीकडं डोंगर नाही. आमच्याकडं कृष्णाकाठाला कुरण कुठलं? गायरानं होती त्यातली बरीच गेली. माझ्याकडं चार एचएफ (होल्स्टीन) संकरित गाई. कारखाना सुरू झाला की वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, एरवी हत्तीगवत आणि मका. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणून चुन्याची निवळी आणि मिनरल मिक्श्चर द्यावंच लागतं. ते न देता महिनाभर नुसत्या वाड्यावर ठेवलेली गाय व्याल्यावर उठत नाही.

मला त्या मुलीला एक सांगायचंय. ऊस साखरेसाठी लावलेला असतो, त्याचा शेंडा गाय खाते, शेण परत उसाला जातं. पण उसाला पाणी फार लागतं, हे मी नाकारणार नाही. आम्ही ठिबक केलंय, शेजारी अजून पाट सोडून झोपतात.

दराचं बोला की कुणीतरी. डेअरीत फॅट आणि एसएनएफवर पैसे. कुरण राखलं का, ओढा सांभाळला का, याला एक पैसा नाही. तुम्ही शहरवाले थेट घेता म्हणून जांबोटीला तेवढं परवडतं.

टिळकवाडीची सून

सगळ्यांचे आभार. गोठेवाली ताई, तुमचं उत्तर मुलीला वाचून दाखवलं. तिनं लगेच दोन प्रश्न काढले, तिच्याच शब्दांत लिहिते: रेडकाला दूध मिळतं का? आणि रेडा झाला तर त्याचं काय करता? शिवाय माझा एक: ए-टू लिहिलेलं दूध दीडपट भावानं विकायला येतंय, ते घ्यावं का? आणि दूध जास्त निघावं म्हणून इंजेक्शन देतात म्हणे.

निवृत्त, पशुवैद्यकीय खातं, चिकोडी

इंजेक्शनाचं मी सांगतो. ते ऑक्सिटोसिन. रेडकू मेलं की म्हस पान्हा सोडत नाही, तेव्हा काही लोक ते टोचतात. दूध सोडवण्यासाठी अशी इंजेक्शनं देणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. जनावराला वेदना होतात. रोज टोचलं की त्याशिवाय पान्हाच येत नाही.

मला जास्त काळजी अँटिबायोटिकची वाटत आली आहे. दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की सडात औषधाची ट्यूब सोडतात. त्यानंतर औषधावर छापलेले दिवस संपेपर्यंत ते दूध विकायचं नसतं, आणि नेमकं तेच पाळलं जात नाही. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे खायला धोकादायक निघाले फक्त १२, अँटिबायोटिकची मर्यादा ओलांडलेले ७७, आणि अफ्लाटॉक्सिन जास्त असलेले ३६८. हा बुरशीचा विषारी अंश आहे, ओलसर, बुरसलेली पेंड किंवा मका खाल्ल्यानं दुधात उतरतो आणि उकळून जात नाही. शहरात सगळी चर्चा पाण्याची आणि युरियाची चालते. गवळ्याला ‘पेंड कोरडी ठेवता का’ असं विचारणारं गिऱ्हाईक मला नोकरीभर भेटलं नाही.

आणि एक औषध नाव घेऊन सांगतो: डायक्लोफिनॅक. तापाला, सुजेला जनावरांना सर्रास द्यायचे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. नव्वदच्या दशकापासून देशातल्या तीन जातींची गिधाडं शंभरात दोन-तीनही उरली नाहीत. त्यामागचं हे कारण २००४ साली कळलं, २००६ साली जनावरांसाठी बंदी आली, २०२३ साली किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवरही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि तेवढंच गुणकारी. गोठेवाल्यांनो, औषध लिहून घेताना नाव बघा. मेलेलं जनावर माळावर टाकायची आपल्याकडं जुनी पद्धत, ती गिधाडांच्या जिवावर चालायची. गिधाडं गेली आणि त्या ढिगाऱ्यांवर भटकी कुत्री वाढली.

जांबोटीकडची गोठेवाली

चिकोडीच्या काकांनी फार कामाचं लिहिलं. पेंडीची पोती आम्ही फळ्यांवर रचतो, भिंतीपासून हात सोडून. श्रावणात तरीही एखाद्या पोत्याला वास येतो. ते पोतं उकिरड्यात जातं. पंधराशे रुपये गेले म्हणून मन खातं, पण ती पेंड म्हशीला घालणं म्हणजे तुमच्या मुलीच्या पेल्यात घालणं.

ए-टूसाठी जादा पैसे देऊ नका ताई. ए-टू हा दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार. म्हशीचं दूध मुळातच ए-टू असतं, आपल्या देशी गाईंचंही बहुतेक तसंच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पाकिटावरून हे दावे काढायला सांगितलं आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागे घेतला, म्हणून लेबलं अजून दिसतात. आणि धारोष्ण दूध कच्चं प्यायची टूम आली असेल तर त्यात पडू नका. कासेला हात कितीही स्वच्छ लावला तरी ब्रुसेलोसिससारखा आजार कच्च्या दुधातून माणसाला होतो. आम्ही घरी उकळूनच पितो.

आता मुलीचे प्रश्न. रेडकू जन्मलं की तासाभरात त्याला चीक पाजतो, ते त्याचंच. खरवस आम्ही करतो, पण त्याचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा. पुढं धारेला आधी रेडकू सोडतो, त्यानं म्हस पान्हावते, आणि एक सड त्याच्यासाठी ठेवतो. ते चरायला लागलं की हळूहळू कमी करतो. सगळे असं करत नाहीत. एक सड म्हणजे दिवसाला लिटरभर दूध, रोख पैसे. पण रेडकू जगलं तर म्हस स्वतःहून दूध देते, इंजेक्शनाची गरजच पडत नाही.

रेड्याचं उत्तर तिला ऐकायला अवघड जाईल. मलाही ते देणं सोपं नाही. आमच्याकडं भाताच्या चिखलाला रेडे जुंपायचे, म्हणून रेडा झाला तरी घरात आनंद असायचा. आता पॉवर टिलर आला. वळू म्हणून पंचक्रोशीत एखादा लागतो. बाकीचे बाजारात जातात. पुढं त्यांचं काय होतं ते गिऱ्हाइकापासून मी लपवत नाही. कर्नाटकात २०२१ पासून लागू झालेल्या कायद्यानं १३ वर्षांखालचा रेडा किंवा म्हस कापता येत नाही. त्या कायद्याबद्दल कुणाचं काही मत असेल, पण तेवढी वर्षं त्याला वैरण कोण घालणार हा प्रश्न गोठ्याच्या दारात येऊन थांबतो. म्हशीचंही तेच. ती दहा महिने गाभण असते, वेतानंतर नऊ-दहा महिने दूध देते, दोन वेतांत सव्वा-दीड वर्षाचं अंतर पडतं. भाकड महिन्यांत ती खाते तेवढंच, देते फक्त शेण. तुम्ही घेता त्या प्रत्येक लिटरात हे भाकड महिने धरलेले असायला हवेत. बाजारभावात ते नसतात. म्हणून लोक भाकड जनावर विकून दुभतं आणतात आणि डोळे मिटून घेतात. आम्ही तीन म्हशी वयात आल्यापासून त्यांच्या शेवटापर्यंत ठेवल्या. चौथीला ठेवता येईल की नाही ते गिऱ्हाइकांवर ठरेल, हे मी आमच्या दूध घेणाऱ्या घरांना स्पष्ट सांगितलंय. काहींनी लिटरला पाच रुपये स्वतःहून वाढवले. दोघांनी दूध बंद केलं.

मुलीनं दूध प्यावं की नाही ते तिचं तिला ठरवू दे. फक्त ठरवण्याआधी एकदा तिला घेऊन तुमच्या गवळ्याच्या गोठ्यावर जा, लांब असलं तरी. दिवाळी पाडव्याला नको, तेव्हा म्हशी रंगवलेल्या असतात आणि कुणालाच बोलायला सवड नसते. दसऱ्यानंतर जा, कुरण कापणी चालू असते. गव्हाणीत काय पडलंय ते बघू दे, पेंडीच्या पोत्यात हात घालून वास घेऊ दे, रेडकू कुठं बांधलंय ते विचारू दे. ज्याला दाखवायला अडचण वाटेल त्याचं दूध घेऊ नका. आणि सासूबाईंनाही बरोबर न्या, त्यांच्या पिढीला कासेवरून म्हस ओळखता येते.

टिळकवाडीची सून

आज सकाळी गवळ्याला विचारलं, वैरण काय आणि कितव्या महिन्यातली म्हस. तो सायकल स्टँडला लावून दहा मिनिटं बोलत उभा राहिला. दोन म्हशी गेल्या महिन्यात व्याल्यात, एक आटत आलीय, आणि पावसानं पिंजर भिजल्यामुळे सध्या ओल्या गवतावरच आहेत. आटत आलेल्या म्हशीचं दूध लोण्यासाठी वेगळं आणून देऊ का, असं त्यानंच विचारलं. सासूबाईंनी अर्धा लिटर सांगितलंय. दसऱ्यानंतरचं जायचं ठरलं. मुलगी प्रश्नांची यादी करतेय, त्यात पहिला प्रश्न पेंडीच्या पोत्याचा आहे.